पठारावरचा रंगीत गळा

साताऱ्याजवळच्या उघड्या, गवताळ पठारांवर एक लहानसा सरडा राहतो. त्याचे शास्त्रीय नाव ‘सरडा सुपर्बा’. पूर्ण वाढलेल्या नराची लांबी नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत सात-आठ सेंटिमीटर भरते. शेपूट त्याहून लांब असते. पाठ मातकट तपकिरी असून मधोमध गडद शंकरपाळ्यांची ओळ मांडल्यासारखी नक्षी असते. वाळके गवत आणि जांभ्याचे दगड यांत हा रंग इतका बेमालूम मिसळतो की सरडा हलला नाही तर दोन हातांवरूनही नजरेत भरत नाही. मादी नराहून लहान आणि फिकी. वर्षाचा बराच काळ नरातही मुद्दाम थांबून पाहावे असे काही नसते. उन्हाळा लागला की तो एखाद्या उंचशा दगडावर चढतो, मान उंचावतो आणि गळ्याखालची घडी उघडतो. चमकता निळा, मखमली काळा आणि नारिंगी-तांबडा असे तीन रंग एकदम उन्हात येतात, आणि क्षणात मिटतातही.

शहरी वाचकाच्या ओळखीचा सरडा वेगळा. दादरच्या पारशी कॉलनीत किंवा शिवाजी पार्कच्या परिसरात झाडाच्या बुंध्यावर, कुंपणावर मान हलवत बसलेला दिसतो तो बागेतला सरडा. विणीच्या दिवसांत नराचे डोके आणि खांदे लालभडक होतात, त्यामुळे उगाचच ‘रक्तशोष्या’ म्हणून तो बदनाम झाला आहे. पठारावरचा सरडा याच कुळातला. कोकण-गोव्याच्या झाडीत एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तरंगत जाणारा उडता सरडाही याच कुळातला, आणि गळ्याखाली उघडमीट करणारा पडदा त्यालाही असतो. फरक राहणीचा आहे. बागेतला आणि उडता हे दोघे झाडावरचे. सरडा सुपर्बा आणि त्याचे जवळचे भाऊबंद जमिनीवरचे. झाडावर पकड घ्यायची गरज संपली, तसे त्यांचे मागचे पायही बदलले. त्यांना पाचवे बोट नसते. चारच बोटे, पण पाय लांब. जिवावर बेतले की हे सरडे पुढचे पाय उचलतात आणि मागच्या दोन पायांवर, शेपटीने तोल सावरत, सुसाट पळत सुटतात. थोडे अंतर गेले की एकदम थांबून निश्चल होतात. पाठलाग करणाऱ्याची नजर पुढे धावत राहते आणि सरडा मागेच कुठेतरी गवतात विरून जातो.

गळ्याखालचा पंखा म्हणजे सैल कातडीचा पडदा आहे. जिभेच्या मुळाशी असणाऱ्या हाडांच्या सांगाड्यातून एक लांब, लवचीक कूर्चेची काडी मागे गेलेली असते. स्नायू आवळले की ही काडी खाली आणि पुढे झुकते आणि तिच्यावर कातडी ताणली जाते. मिटलेला असताना हा पडदा छातीपोटाखाली घडी होऊन पडून राहतो. सरडा सुपर्बाच्या नरात तो इतका मोठा असतो की मागचे टोक पुढच्या पायांच्या बरेच मागे, पोटाखाली जाते. काठावरचे खवले मोठे आणि टोकदार असल्याने उघडलेल्या पंख्याची कड करवतीसारखी दिसते.

रंगांची घडण तीन प्रकारची आहे. काळा रंग मेलॅनिन या रंगद्रव्याचा. नारिंगी-तांबडाही रंगद्रव्यांचाच. निळ्या रंगाचे द्रव्य मात्र कातडीत नसते. पेशींमधल्या अतिसूक्ष्म स्फटिकांच्या थरांवर प्रकाश आपटून परततो तेव्हा त्यातला निळा भाग तेवढा डोळ्यांपर्यंत पोहोचतो. मोरपिसाचा निळा रंगही रचनेचाच असतो. अशा रंगाची चमक पाहण्याच्या कोनावर अवलंबून असते, म्हणून नर नुसता पंखा उघडून थांबत नाही. तो मान हलवतो, अंग वळवतो, दगडावर जागा बदलतो. सरड्यांची रंगदृष्टी माणसाहून सरस असते आणि अतिनील किरणांचा पट्टाही त्यांना दिसतो. म्हणजे पठारावर उभ्या माणसाला जे तीन रंग दिसतात तेच आणि तेवढेच मादीला दिसतात, असे समजण्याचे कारण नाही.

पंख्याचे प्रेक्षक दोन प्रकारचे. एक मादी, दुसरा शेजारचा नर. विणीच्या हंगामात प्रत्येक नर काही दगड आपले मानतो आणि तिथून सभोवार नजर ठेवतो. दुसरा नर हद्दीत शिरला की पंखा उघडतो, अंग फुगते, शेपूट उचलली जाते. एवढ्याने निभावले नाही तर चावाचावीवर येते. मादी जवळून गेली तरी पंखा उघडतो, पण आता हेतू निराळा असतो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर आणि अमोद झांबरे यांनी याच सरड्यावर काम करून, एकच अलंकार दोन वेगवेगळ्या श्रोत्यांशी कसा बोलतो हे तपासले. त्यांचा लेख २०१७ साली प्रसिद्ध झाला. इतके रंग, इतकी हालचाल आणि इतका मोठा पडदा एकाच कामासाठी लागला नसता, हे त्यातून नीट कळते.

या दिखाव्याला किंमत मोजावी लागते. उघड्या पठारावर दगडाच्या माथ्यावर चढून रंग दाखवणारा प्राणी वरून जाणाऱ्या पक्ष्यालाही दिसतो. तिसा, कापशी, खरुची हे शिकारी पक्षी पठारावर घिरट्या घालत असतात. खाटीक पक्षी काटेरी झुडपावर बसून वाट पाहतो. साप आणि मुंगूस जमिनीवर आहेतच. म्हणून रंग गळ्याखाली आणि पाठ मातीची, अशी वाटणी झाली आहे. हवा तेव्हा उघडायचा, नको तेव्हा मिटायचा. बागेतल्या सरड्याचे लाल डोके असे घडी घालून ठेवता येत नाही.

या प्राण्याचे वर्ष पठाराच्या वर्षाला बांधलेले आहे. साताऱ्याहून सज्जनगडाच्या बाजूने ठोसेघरच्या धबधब्यापलीकडे गेले की चाळकेवाडीचे पठार लागते. समुद्रसपाटीपासून उंची हजार मीटरहून जास्त. वर जांभ्याचा कठीण थर, त्यावर कुठे चार बोटे तर कुठे वीतभर माती. झाडाला मूळ धरायला जागाच नाही. कोकणात अशा जागेला सडा म्हणतात. जूनपासून पाऊस आणि धुके यांचा मारा सुरू होतो. पाऊस ओसरताना गेंद, सीतेची आसवे अशी इवली फुले दाटतात. शेजारच्या कास पठारावर हाच देखावा पाहायला झुंबड उडते. डिसेंबरनंतर गवत पिवळे पडते, वणवे लागतात, गुरे चरून जातात आणि मार्चपर्यंत पठार ओकेबोके होते. पर्यटकांच्या दृष्टीने आता तिथे पाहण्यासारखे काही उरलेले नसते. सरड्याचा हंगाम मात्र तेव्हाच सुरू होतो. गवत आखूड झाल्याने दगडावरून दूरवर दिसते, आणि दूरवरून दगडही दिसतो.

सकाळी ऊन चढू लागले की सरडे आडोशातून बाहेर येतात आणि आधी अंग तापवून घेतात. थंड रक्ताच्या प्राण्याला अंग तापल्याशिवाय पळता येत नाही, पंखाही जोमाने उघडता येत नाही. भर दुपारी दगड भाजून निघतो, तेव्हा झुडपाच्या किंवा कपारीच्या सावलीत मुक्काम. खाणे किड्यांचे: मुंग्या, वाळवी, भुंगेरे, नाकतोडे. पाठलाग करून शिकार करण्यापेक्षा एका जागी बसून टप्प्यात येईल ते टिपायचे, ही यांची रीत. मीलनानंतर मादी पुढच्या पायांनी मऊ मातीत लहान खड्डा उकरते, त्यात अंडी घालते, माती ओढून बुजवते आणि निघून जाते. पुढची राखण मातीची आणि उबेची. पावसाने किड्यांची रेलचेल होते आणि नव्या पिल्लांना खाण्याची ददात राहत नाही.

विज्ञानाच्या दृष्टीने हा सरडा अगदी नवा आहे. त्याला स्वतंत्र नाव मिळाले २०१६ साली. पण त्याच्या नात्यातल्या सरड्यांची नोंद त्याआधी जवळजवळ दोनशे वर्षांची आहे. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ कुव्हिए याने १८२९ साली पाँडिचेरीच्या नमुन्यावरून ‘सिटाना पाँटिसेरियाना’ हे नाव दिले. १८७० साली टॉमस जर्डन या ब्रिटिश लष्करी डॉक्टराने दख्खनमधल्या अशाच एका सरड्याला ‘सिटाना डेक्कनेन्सिस’ म्हटले. डॉक्टरी पोटापाण्यासाठी आणि पक्षी-सरडे हौसेसाठी, असा तो काळ होता. भारतातल्या प्राण्यांची बरीच नावे अशा हौशी मंडळींच्या वहीतून आली आहेत. पुढे माल्कम स्मिथने १९३५ साली भारतीय सरड्यांवरचा मोठा ग्रंथ लिहिला. त्यात पंखेवाले सगळे सरडे एकाच जातीत, पाँडिचेरीच्या नावाखाली, जमा झाले. पांढऱ्या पंख्याचे, किंचित निळसर पट्ट्याचे, तिरंगी पंख्याचे, लहान आणि मोठे हे सारे ‘एकाच जातीतले फेरफार’ ठरले. ग्रंथ अधिकारी माणसाचा, त्यामुळे ही समजूत दीर्घकाळ टिकली. विसाव्या शतकाच्या अखेरीस नेपाळमधून नव्या जाती नोंदवल्या गेल्या तेव्हा पहिली फट पडली.

गुंता सुटला तो डीएनए आणि पायपीट यांच्या जोडीने. भारतीय विज्ञान संस्थेतले व्ही. दीपक आणि प्रवीण कारंथ, मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत दीर्घकाळ सरपटणाऱ्या प्राण्यांचा संग्रह सांभाळलेले वरद गिरी, साताऱ्याच्या पठारांची खडान्‌खडा माहिती असलेले हर्षल भोसले, अमोद झांबरे आणि इतर सहकारी यांनी देशभरचे नमुने गोळा केले, खवले मोजले, हाडे पाहिली आणि जनुके ताडून बघितली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात एक नवी प्रजाती आणि पाच नव्या जाती होत्या. मोठ्या, रंगीत पंख्याचे सरडे हे पांढऱ्या पंख्यांच्या सिटानांपासून वेगळे घराणे आहे असे दिसून आले, आणि त्या घराण्याला मराठी बोलीतलेच ‘सरडा’ हे नाव देण्यात आले. त्यात आज तीन जाती आहेत: चाळकेवाडीचा सरडा सुपर्बा, चार्ल्स डार्विनच्या नावाचा सरडा डार्विनी आणि जर्डनचा जुना डेक्कनेन्सिस. लॅटिनमध्ये ‘सुपर्बा’ म्हणजे देखणा, डौलदार. नाव ठेवणाऱ्यांनी अतिशयोक्ती केली असे पंखा पाहिलेला माणूस म्हणणार नाही.

त्याच लेखात महाराष्ट्रातल्या सिटानांचीही फोड झाली. रुंद डोक्याचा लॅटिसेप्स आणि डोक्यावर काट्यांसारखे खवले असणारा स्पायनिसेफॅलस या जाती त्यातल्याच. काम तिथे थांबले नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या गोकाकच्या नावाचा सिटाना गोकाकेन्सिस २०१८ साली प्रसिद्ध झाला. गोकाकचा धबधबा पाहून आलेल्या हजारो मराठी कुटुंबांपैकी कुणीतरी हा प्राणी पायाखालून पळताना नक्कीच पाहिला असेल.

हे घराणे मुळात आले कुठून? त्यांचे सर्वात जवळचे नातलग म्हणजे ऑटोक्रिप्टिस. ते श्रीलंका आणि दक्षिण भारतातल्या दाट, ओल्या जंगलात राहतात आणि त्यांच्या मागच्या पायाला पाच बोटे असतात. दीपक आणि कारंथ यांनी २०१८ साली जनुकांवरून काळाचा अंदाज बांधला. त्यांच्या मते या सरड्यांच्या शाखा फुटल्या त्या भारतीय द्वीपकल्प हळूहळू कोरडे होत गेले त्या काळात, मायोसीन युगाच्या उत्तरार्धात. जंगल मागे हटले, मोकळी गवताळ जमीन पसरली आणि जंगलातल्या पूर्वजांचे वंशज उघड्यावर आले. पंख्याच्या वाढीशी या उघडेपणाचा संबंध असावा, हे सहज पटण्यासारखे आहे, कारण दाट झाडीत दूरवर खूण करून उपयोग नसतो. मात्र उघड्यावर राहणाऱ्या साऱ्याच जातींचे पंखे रंगीत झाले नाहीत, हेही विसरून चालणार नाही. अमेरिका खंडातल्या अ‍ॅनोल सरड्यांचा गळ्याचा पंखा जगभर गाजलेला आहे. त्या सरड्यांशी यांचे नाते फारच दूरचे. पंखा दोघांनी आपापला कमावला. अ‍ॅनोलवर अभ्यासकांनी कपाटे भरतील इतके लिहिले आहे. आपल्याकडच्या पंखेवाल्यांचा नीट अभ्यास गेल्या पंधरा-वीस वर्षांतला.

चाळकेवाडीच्या पठाराला दुसरी एक ओळख आहे ती पवनचक्क्यांची. गेल्या शतकाच्या अखेरीस तिथे उंच खांब उभे राहू लागले. पठाराच्या काही भागात पवनचक्क्या आहेत, काही भागात नाहीत. माती, गवत, पाऊस सगळे सारखेच. अशी जुळी परिस्थिती अभ्यासकाला मुद्दाम घडवता येत नाही. मारिया ठाकर, झांबरे आणि भोसले यांनी तिचा फायदा घेऊन केलेला अभ्यास २०१८ साली ‘नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन’ या नियतकालिकात आला आणि हा सातारी सरडा जगभरच्या वर्तमानपत्रांत पोहोचला.

पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्ष्यांचे प्रमाण पवनचक्क्या नसलेल्या भागाच्या मानाने सुमारे एक चतुर्थांश होते, आणि त्यांचे झडप घालणेही कमी. साहजिकच सरड्यांची संख्या तिथे जास्त होती. इथवर कुणालाही तर्काने गाठता येईल. पुढचे निष्कर्ष अधिक बोलके आहेत. माणूस ठरावीक चालीने जवळ येऊ लागला की सरडा किती अंतरावर पळतो, हे मोजले गेले. पवनचक्क्यांखालचे सरडे माणसाला बरेच जवळ येऊ देत. पकडल्यावर शरीरात तणावाचे संप्रेरक किती चढते ते रक्तावरून तपासले. तेही त्यांच्यात कमी चढले. भीतीचे कारण गेले तशी भीतीची यंत्रणाही मंदावली होती. पण सुखवस्तू झालेत म्हणावे तर तसेही नाही. हे सरडे लांबीच्या मानाने वजनाला कमी होते. गर्दी वाढली, म्हणजे किड्यांसाठी चढाओढ वाढली. आणि नरांच्या गळ्यावरचे रंग फिके होते. वरचा शिकारी उणा झाला, की फरक खाली उतरत उतरत दीडवीत प्राण्याच्या पंख्याच्या छटेपर्यंत पोहोचतो. अन्नसाखळीतली सर्वात वरची जागा पठारावर पवनचक्कीने घेतली, असे अभ्यासकांनी म्हटले ते याच अर्थाने.

या अभ्यासावरून पवनऊर्जा वाईट असा डांगोरा पिटणे चुकीचे ठरेल. कोळशाच्या विजेची किंमतही कुणीतरी मोजतेच. मुद्दा जागा निवडण्याचा आहे. पवनचक्की उभी करताना पठारावर ‘काही नाही’ असे गृहीत धरले जाते, आणि हे गृहीत सरकारी कागदांत फार जुने आहे. झाड नसलेली, नांगर न लागलेली जमीन महसुली भाषेत पडीक ठरते. उपग्रहचित्रांवरून होणाऱ्या पडीक जमिनींच्या राष्ट्रीय नकाशातही गवताळ आणि झुडपी माळांचा मोठा हिस्सा त्याच रंगात रंगवलेला असतो. देशातल्या कोरड्या भागातल्या अशा उघड्या नैसर्गिक जमिनी मोजून अलीकडे स्वतंत्र नकाशा तयार झाला, तेव्हा त्यांचे क्षेत्र तीन लाख चौरस किलोमीटरहून अधिक भरले; त्यातला संरक्षित अभयारण्यांच्या हद्दीतला वाटा अगदी थोडा. पडीक म्हटले की तिथे सौर पट्ट्या, खाणी, बंगल्यांचे भूखंड काहीही चालते. वृक्षारोपणही चालते, आणि ते तर पुण्यकर्म म्हणून. जांभ्याच्या पठारावर खड्डे फोडून लावलेली झाडे बहुधा जगत नाहीत. जगली तर दगड सावलीत जातात आणि पंखा दाखवायला ऊन उरत नाही.

सरडा सुपर्बा आज लगेच नष्ट होईल अशी परिस्थिती नाही. त्याच्या हक्काच्या पठारावर तो चांगल्या संख्येने आहे. पण त्याचा वावर थोड्याशा भूभागापुरता आहे आणि त्या भूभागावर गाड्यांची वर्दळ, हॉटेले आणि बांधकामे वाढत आहेत. हौशी छायाचित्रकारांची त्यात भर पडली आहे. पंखा उघडलेला फोटो मिळावा म्हणून एका नराला चारी बाजूंनी घेरणे, दुसरा नर पकडून त्याच्यासमोर सोडणे असले प्रकार विणीच्या ऐन दिवसांत त्या प्राण्याची शक्ती आणि वेळ खातात.

हा सरडा पाहायचा तर एप्रिल-मे महिन्यांत सकाळी ऊन तापायच्या आधी पठारावर पोहोचावे, गाडी डांबरी रस्त्यावरच ठेवावी, दगड उलथू नयेत आणि एका जागी स्वस्थ बसावे. जवळपास नर असेल तर थोड्या वेळाने तो आपणहून दगडावर येतो. दुर्बीण असली तर पंख्याच्या काठावरचे करवती खवलेसुद्धा मोजता येतात.